एका लाईनवर अकरा फोन

थोरल्या मुलीला पहिले मूल व्हायचे होते, त्या वर्षी तात्यांच्या घरात माणसांपेक्षा टेलिफोन जास्त झाले. माणसे तीन: तात्या, त्यांची बायको माई आणि माडीवर राहणारी तात्यांची मोठी बहीण आक्का, जिला दोन्ही कानांनी बेताचेच ऐकू येई. टेलिफोन अकरा.

तात्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून गेली होती. खांबावर चढायचे, तुटलेली तार जोडायची आणि खाली उतरून गिऱ्हाइकाला झापायचे. निवृत्त झाल्यावर चढणे सुटले, जोडणे सुटले, झापणे तेवढे राहिले. त्यातच बटणांचे हलके फोन आले आणि लोक डायलचे जुने काळे फोन भंगारात टाकू लागले. ते पाहून तात्यांच्या अंगाचा तिळपापड होई. भंगारवाल्याच्या दुकानात शिरून ते भांडायला सुरुवात करत आणि भांडता भांडता एक फोन काखेत मारून घरी येत.

घरी आले की मात्र राग कुठल्या कुठे जाई. जुने सदरे फाडून केलेली फडकी, दात घासायचा निवृत्त ब्रश आणि शिवणाच्या मशीनचे तेल घेऊन ते खिडकीशी बसत. फिरकीतल्या भोकांतला कचरा काढत, तेलाचा एकच थेंब सोडत, मग नवाचा आकडा ओढून बोट काढून घेत आणि फिरकी कर्रर्र करत जागेवर येईपर्यंत डोळे मिटून बसत. प्रत्येक फोनची घंटा त्यांना पाठ होती. दवाखान्यातला फोन दबक्या आवाजात वाजे. वकिलाच्या कचेरीतला भांडायला उठल्यासारखा वाजे. सिनेमाच्या तिकीट खिडकीवरच्या फोनच्या घंटेची एक वाटी चिरलेली होती, तो सर्दी झाल्यासारखा बोले.

"एवढं कौतुक पोरांचं केलं असतंत तर पोरं जवळ राहिली असती," माई म्हणे.

"पोरं उलट बोलतात," तात्या म्हणत.

बारावा फोन तात्यांच्या मनात होता, पण तो घरात नव्हता. तो जावयाकडे होता. जावयाच्या वडिलांची लाकडाची वखार होती आणि वखारीच्या टेबलावर हिरव्या रंगाचा डायलचा फोन होता. काळे पुष्कळ मिळतात, हिरवा मिळत नाही. वडील वारल्यावर वखार जावयाकडे आली. तात्यांनी फोन एकदा मागितला, दोनदा मागितला, तिसऱ्यांदा मुलीला भेटायला म्हणून गेले आणि सगळे जेवत असताना वखारीत जाऊन, फोन उलटा करून, सालाचा शिक्का बघायला त्याचा तळ उघडून बसले. फोन बंद पडला. गिऱ्हाइके दुसऱ्या वखारीत गेली. जावई म्हणाला, "तात्या, हा माझ्या बाबांच्या हातातला फोन आहे. मी मेलो तरी देणार नाही." तात्या म्हणाले, "ठेवा उराशी. तेल तरी कधी घातलंय का त्याला?" आणि न जेवता निघून आले. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद होते. मुलीचा फोन आला की माई बोलायची आणि तात्या शेजारी बसून, आपण ऐकत नाही असे दाखवत, सगळे ऐकायचे.

मुलगी तिकडेच बाळंत होणार होती, कारण तिथल्या डॉक्टरने प्रवास करायचा नाही म्हणून बजावले होते. ठरले असे, की दुखायला लागले की जावयाने फोन करायचा आणि माईने मिळेल ती गाडी पकडून निघायचे. चार तासांचा रस्ता. माईची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. मुलगी घाबरट होती. तिने आईला दहा वेळा सांगितले होते, "आई, तू असलीस तरच मला धीर येईल. तू ये म्हणजे झालं."

आता चांगली बातमी येणार म्हटल्यावर तात्यांच्या डोक्यात कल्पना आली, की ती एकाच फोनवर का यावी. घरात अकरा फोन आहेत, ते सगळेच्या सगळे एकदम वाजले पाहिजेत. आजवर इतक्या फोनांची घंटा एका छपराखाली कोणी ऐकली नसेल. त्यांनी कपाटातून तारेचे भेंडोळे काढले आणि कामाला लागले. चार फोन जोडले तेव्हा त्यांनी शेजारणीला सांगून घरचा नंबर फिरवून पाहिला. चौघे असे काही खणाणले, की शेजारणीने फोन ठेवून खिडकीतून विचारले, "आग लागली का?" तात्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मग त्यांनी उरलेले सात जोडले. स्वयंपाकघरात एक, न्हाणीघराच्या बाहेर एक, जिन्यात दोन, माडीवर आक्काच्या उशाशी एक, आणि बाकीचे बैठकीत ओळीने.

"आता परत एकदा वाजवून बघा ना," माई म्हणाली.

"नाही. पहिली घंटा बातमीचीच वाजली पाहिजे."

"बघितल्याशिवाय कसं कळणार चाललंय की नाही?"

"मला शिकवतेस? सगळा जन्म गेला माझा तारांत. उचल, ऐक, डायल टोन येतोय की नाही?"

माईने उचलला. डायल टोन येत होता. तिने ठेवला.

पहिला आठवडा बरा गेला, म्हणजे कोणाचाच फोन आला नाही. दुसऱ्या आठवड्यात तात्यांचा जुना जोडीदार, खात्यातलाच, दारात येऊन उभा राहिला आणि चप्पल न काढताच म्हणाला, "काय रे, मोठा साहेब झालास का? चार वेळा फोन केला. उचलायला हात दुखतो?"

"फोन आलाच नाही."

"वाजत होता."

"तू नंबर चुकवला असशील. नोकरीतही चुकवायचास."

जोडीदार तसाच परत गेला. त्यानंतर माईचा भाऊ चिडल्याचा निरोप आला. तात्यांनी एक्स्चेंजमध्ये जाऊन तिथल्या नव्या माणसाला फैलावर घेतले. "आमच्याकडे येणारे फोन तुम्ही भलतीकडे सोडता." त्या माणसाने घरी येऊन तपासतो म्हटल्यावर तात्या अधिकच चिडले, कारण घरी येऊन त्याने काय पाहिले असते हे त्यांना माहीत होते. "माझ्या घरची लाईन तू तपासणार? तुझ्या बापाला मी खांबावर चढायला शिकवलंय," असे सांगून ते घरी आले आणि रागारागाने वकिलाचा फोन पुसत बसले.

डॉक्टरने दिलेली तारीख गेली. माई दाराशी ठेवलेली पिशवी उघडून पुन्हा पुन्हा भरू लागली.

"अहो, आपणच फोन करू या का?"

"आपण नाही करायचा. बातमी त्यांनी द्यायची. ठरलंय तसं."

"विसरले असतील."

"बायको बाळंत होते हे विसरतो माणूस? मुद्दाम करतोय तो. फोनचा राग काढतोय माझ्यावर."

"माझ्यावर का काढतोय मग? मी कुठं त्याचा तळ उघडला होता?"

"मी सांगतो, या घरातून कोणी नंबर फिरवायचा नाही."

आणखी दोन दिवस माईने वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी, तात्या बैठकीत फडके घेऊन बसलेले पाहून तिने स्वयंपाकघराचे दार लावून घेतले आणि मुलीच्या घरचा नंबर फिरवला. पलीकडून विहीणबाईंनी उचलला.

"मी बोलतेय. कशी आहे हो ती?"

विहीणबाई म्हणाल्या, "आली का आठवण?"

"असं का बोलता? आम्ही तर रोज फोनकडे डोळे लावून—"

"मुलगी झाली. परवा पहाटे. दोन दिवस कळा देत होती पोर. सारखी आई आली का, आई आली का. माझा मुलगा दर तासाला तुम्हाला फोन लावत होता."

बैठकीत तात्यांना डायल टोन ऐकायची लहर आली होती. त्यांनी दवाखान्याचा फोन कानाला लावला आणि शेवटचे वाक्य त्यांच्या कानात पडले.

"खोटं आहे," तात्या फोनमध्ये म्हणाले. "एकही फोन आलेला नाही."

"हे कोण मधेच?"

"मी बोलतोय. तुमच्या मुलाला सांगा, असल्या थापा—"

"अहो, तुम्ही ठेवा. अहो विहीणबाई, पोर कशी आहे? ती बरी आहे ना?"

"बरी आहे. बोलत नाही कोणाशी. आणि व्याही, थापा कोण मारतंय? मी स्वतः कान लावून ऐकलंय. तुमचा फोन वाजत होता."

"माझ्या घरात वाजला नाही."

"वाजत होता. ट्रिंग ट्रिंग. मी बहिरी नाही."

"कोण बहिरी?" माडीवरून आक्काचा आवाज आला. खालचा आरडाओरडा तिच्याही कानापर्यंत पोचला होता आणि तिने उशाशी असलेला फोन उचलला होता. "कोणाला मुलगी झाली?"

"आक्का, ठेव तू," तात्या ओरडले. तीन फोन उचलल्याने आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला होता आणि आता प्रत्येक जण ओरडून बोलत होता.

"विहीणबाई, नीट ऐका. तुमच्या कानात वाजते ती आमच्या घरातली घंटा नव्हे. तो आवाज एक्स्चेंजमधून येतो. इथे फोन जळून कोळसा झाला तरी तुम्हाला तिथे ट्रिंग ट्रिंगच ऐकू येणार. हे काम मी आयुष्यभर केलंय."

"बरं. म्हणजे आम्ही फोन केला हे तुम्हाला मान्य?"

तात्यांनी फोन या कानावरून त्या कानाला लावला.

"एक्स्चेंजमधून आवाज आला, म्हणजे आमचा फोन तिथपर्यंत पोचला ना?" विहीणबाई म्हणाल्या. "मग पुढं तुमच्या घरात काय माती खाल्ली ते तुम्ही बघा. मुलगा माझा सकाळीच निघालाय तुमच्याकडे. तोंडावर विचारतो म्हणाला."

विहीणबाईंनी फोन आपटला. माईने स्वयंपाकघराचे दार उघडले. तात्या ओळीने ठेवलेल्या फोनांकडे पाहत होते. एका लाईनवर चोरून दुसरा फोन जोडणाऱ्या किती गिऱ्हाइकांच्या तारा त्यांनी आपल्या हाताने कापल्या होत्या. प्रत्येकाला ते एकच वाक्य ऐकवायचे: लाईनवर ताण येतो, घंटा वाजत नाही. ते वाक्य त्यांना साहेबाने शिकवले होते. लोकांना घाबरवायला खात्याने काढलेले बोलणे असेल, असेच त्यांना नोकरीभर वाटत आले होते.

"सांगा," माई म्हणाली.

"चारपर्यंत वाजतो," तात्या म्हणाले. "अकराला तेवढा जोर पुरत नाही. म्हणजे एकही वाजत नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पाठ होतं. खरं असेल असं वाटलं नव्हतं."

आक्का कठडा धरत खाली आली आणि म्हणाली, "मला वाटलं, मलाच ऐकू येत नाही. तुम्ही सगळेच माझ्यासारखे झालात होय?"

दुपारी जावई आला. दाढी वाढलेली, डोळे तांबडे, सदरा चुरगळलेला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला बोजा होता. तो त्याने तात्यांच्या समोर दाणकन ठेवला. कागद फाटला आणि आतून हिरवा रंग दिसला.

"घ्या," जावई म्हणाला. "याच्यासाठीच फोन उचलत नव्हतात ना? घ्या एकदाचा. बाबा गेले, आता त्यांची वस्तूही गेली. पण तुमची मुलगी तिथे आई आई करत होती हो. माझ्यावरचा राग तिच्यावर कशाला?"

तात्यांना सांगायचे होते की असे नव्हते. जावयाने आपल्याला इतके कोत्या मनाचे समजावे याचा त्यांना रागही यायला हवा होता. पण त्यांचे हात आपोआप पुढे गेले. त्यांनी हिरवा फोन उचलला, अलगद उलटा केला आणि सालाचा शिक्का दिसतो का म्हणून खिडकीच्या उजेडात धरला.

माईने ते पाहिले. तिने दाराशी ठेवलेली पिशवी उचलली.

"चला जावईबापू."

"अगं, त्यांना चहा तरी—" तात्या म्हणाले.

"त्यांना चहा मी गाडीतळावर पाजते. तुम्ही यांना पाजा," ती ओळीतल्या फोनांकडे हात करून म्हणाली. "अकराचे बारा झाले. बसा आता पोराबाळांत."

"मी पण येतो."

"तुम्ही कशाला? ओरडायला? घंटा ऐकायची होती ना, ऐका."

दोघे गेले. आक्का माडीवर गेली. तात्या पक्कड घेऊन उठले आणि एकेक फोन सोडवू लागले. नोकरीत गिऱ्हाइकाच्या तारा कापताना जे बडबडत, ते सगळे शब्द त्या दिवशी ते स्वतःला उद्देशून बडबडत होते, आणि त्या शब्दांत खात्याचे वाक्य एकच होते, बाकीच्या शिव्या होत्या. न्हाणीघराचा सोडला, जिन्यातले दोन सोडले, आक्काचा सोडला, स्वयंपाकघरातला आणि बैठकीतले दोन सोडले. बैठकीतले शेवटचे चार उरले आणि ते चारही एकदम खणाणले.

तात्यांनी हाताला आला तो उचलला.

"आई निघाली का?" मुलगी विचारत होती. मागे तान्ह्या बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता.

"निघाली. अगं, मी तुला सांगतो काय झालं—"

"बरं," मुलगी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

नात चालायला लागेपर्यंत मुलगी बापाशी बोलली नाही. मग बोलू लागली, पण बेताचे. जावई मात्र अधूनमधून येई आणि हिरव्या फोनला तेल घातले का ते बघून जाई. तळ उघडायला तो तात्यांकडूनच शिकला. दोघे खिडकीशी बसून एकमेकांच्या चुका काढत.

चार वर्षांनी मुलीला दुसरे मूल व्हायचे होते. या खेपेला माईने कोणाच्या फोनची वाट पाहिली नाही. ती दीड महिना आधीच जाऊन राहिली आणि कळा सुरू झाल्या तेव्हा मुलीचा हात धरून तिच्या उशाशी होती. मुलगा झाला. त्याच दिवशी, हिवाळ्यातल्या एका गुरुवारी, दुपारचे जेवून आडवे झालेले तात्या झोपेतच गेले. घरात आक्का एकटी होती, आणि मुलगा झाल्याची बातमी घेऊन फोन वाजला तो तिला ऐकू आला नाही.