श्रीरंगरावांचं घरभर वायफाय

सुट्टीच्या दुपारी माणसानं झोपावं. श्रीरंगराव झोपले नाहीत, आणि सगळं तिथूनच बिघडलं.

मालिनीताई चहा देता देता एवढंच म्हणाल्या होत्या, "अहो, वरच्या खोलीत नेट येत नाही. तेवढं बघता का?" यावर शहाण्या नवऱ्यानं 'बघतो' म्हणून कूस बदलायची असते. पण श्रीरंगराव पडले शास्त्रज्ञ! लखनौच्या एका संशोधन संस्थेत जन्मभर झाडांच्या मुळांवर काम केलेला माणूस. (मुळापर्यंत जायची खोड, आणि वरचं काही दिसत नाही.) ते 'बघतो' म्हणाले आणि खरंच बघायला उठले.

मालिनीताईंची नड मात्र खरी होती. लग्न होऊन सांगलीहून इथं आल्यावर त्या जुन्या लखनौतल्या चौक बाजारात एका म्हाताऱ्या खालांकडे, म्हणजे मावशींकडे, बसून चिकनचं भरतकाम शिकल्या होत्या. आता सांगलीच्या महिला मंडळानं त्यांना शनिवारी चार वाजता ऑनलाइन वर्ग घ्यायला सांगितलं होतं. लखनौत त्या आजवर 'डॉक्टरसाहब की मिसेज' होत्या, आणि सांगलीच्या बायका फोनवर चक्क 'मॅडम' म्हणत होत्या. उजेड होता वरच्या खोलीत आणि नेट होतं खालच्या बैठकीत.

"पहिलाच वर्ग आहे हो," त्या म्हणाल्या. "तो फसला तर पुन्हा कोण विचारतंय मला?"

श्रीरंगराव दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "साहब, तार डलवा लीजिए, झंझट ख़त्म." पण घर भाड्याचं. घरमालकांनी नुकताच रंग दिलेला, भिंतीला खिळा ठोकला तरी त्यांच्या काळजात जायचा. मग तारेविना नेट पुढं पोचवणारे तीन पांढरे डबे, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट, आले. एक बैठकीत, एक जिन्याच्या वळणावर, एक वरच्या खोलीत. बैठकीतला जिन्यातल्याला नेट देणार, जिन्यातला वरच्याला. मधला बंद पडला की वरचा उपाशी.

पहिल्या दिवशी त्यांनी तिघांना तीन नावं दिली. मालिनीताईंचा फोन वर गेला तरी बैठकीतल्यालाच धरून बसला, माहेर न सोडणाऱ्या नव्या नवरीसारखा. मग तिघांना एकच नाव दिलं आणि काय सांगावं, चाललं! श्रीरंगराव फोन हातात धरून घरभर फिरले. मोरीतसुद्धा फुल नेटवर्क! मोरीत कोणाला हवं होतं, हे विचारायचं त्राण घरात कोणाला उरलं नव्हतं.

आणि मग नेट जायला लागलं. संध्याकाळी मुक्ता, म्हणजे त्यांची कॉलेजातली लेक, वरून ओरडायची, "बाबा, यार, फिर गया!" श्रीरंगराव धापा टाकत जिन्यात यायचे, तर डब्याचं बटणच बंद. चालू करून खाली जावं, तर थोड्या वेळानं पुन्हा तेच.

"कोण बंद करतंय हे?" त्यांनी जेवताना सगळ्यांना धारेवर धरलं. "खोलीत माणूस नसेल तर बटण बंद करा, असं इतकी वर्षं कानीकपाळी ओरडलो. तेव्हा कोणी ऐकलं नाही. आणि आता ऐकायला लागलात?"

"मी कशाला माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?" मालिनीताई म्हणाल्या.

कामाला येणाऱ्या अरुणाला विचारलं. ती म्हणाली, "साहब, हम तो बटन छूते ही नहीं, करंट मारता है." शेवटी संशय गच्चीवरून घरात शिरणाऱ्या माकडांवर गेला. श्रीरंगरावांनी बोर्डाजवळ कागद चिकटवला : 'हे बटण बंद करू नये.'

"हिंदी में भी लिख दो बाबा," मुक्ता म्हणाली. "यहाँ के बंदर मराठी नहीं पढ़ते."

शनिवार उजाडला. दुपारपासून श्रीरंगराव जिन्याच्या वळणावर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. आठवडाभराच्या कामानं दमलेले, डोळ्यांवर झापड, पण जागचे हलले नाहीत. चारला वरून मालिनीताईंचा आवाज आला, "हा मुर्रीचा टाका. तांदळाच्या दाण्याएवढाच यायला हवा." आणि पलीकडून, "मॅडम, परत एकदा दाखवा ना!" श्रीरंगरावांना भरून आलं. आपल्या बायकोला इतकं येतं, हे आपण कधी नीट पाहिलंच नाही, असं त्यांना वाटून गेलं.

तेवढ्यात खाली घंटी वाजली. सब्जीवाला. पुन्हा वाजवली तर वर्गात ऐकू जाईल म्हणून श्रीरंगराव लगबगीनं उठले, वळणावरचा दिवा उगाच जळतोय हे त्यांना दिसलं, आणि लहानपणापासूनच्या सवयीनं त्यांनी जाता जाता सगळ्या बोर्डावरून तळहात फिरवला. दिवा गेला. शेजारचं बटणही गेलं.

"हॅलो? मी दिसतेय का? अहो, काय झालं?" वरून मालिनीताईंचा आवाज फाटला.

जिन्याच्या वरच्या पायरीवर मुक्ता उभी होती. "बाबा! आपका हाथ!"

श्रीरंगराव आपल्या हाताकडे बघत राहिले. रोज जिना उतरताना हाच हात फिरत होता, आणि माणूस मात्र माकडं शोधत होता!

मुक्तानं आपल्या फोनचं नेट जोडून वर्ग कसाबसा रेटला. चित्र अडकत, आवाज तुटत. श्रीरंगरावांना जेवण गेलं नाही. रात्री सांगलीहून फोन आला : चित्र अडकलं, पण टाका कळला, पुढच्या शनिवारी मॅडमनी पुन्हा यावं. मालिनीताईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"पुढच्या शनिवारी चारला तुम्ही चौकात जायचं. दोरे आणायला."

"दोरे आहेत की घरात."

"असू देत."

पुढच्या शनिवारी श्रीरंगराव चौकातल्या दोऱ्याच्या दुकानात बाकावर बसले. राहवेना, म्हणून मुक्तानं पाठवलेली लिंक उघडून नाव न लावता गुपचूप वर्गात शिरले. बायको काय सुरेख दिसत होती! सुईचं टोकसुद्धा दिसत होतं. आपण मांडलेले तिन्ही डबे अखेर कामाला आले, म्हणून त्यांची छाती फुगली.

एवढ्यात सांगलीच्या एक बाई म्हणाल्या, "मॅडम, आज नेट अगदी छान आहे हो तुमच्याकडे. काय दुरुस्ती केलीत?"

मालिनीताईंनी दोरा तोडला आणि म्हणाल्या, "काही नाही. आज आमचे हे घरी नाहीत."

सगळ्या बायका खळखळून हसल्या. श्रीरंगरावांना ते हसू शेवटपर्यंत ऐकू आलं, एकदाही न तुटता.