आळीपाळीचे गिऱ्हाईक

मुलांनो, घटकाभर अशी कल्पना करा, की बाजाराच्या मुख्य रस्त्यावर तुमचे बुटांचे दुकान आहे. घाबरू नका, ते तुम्हाला चालवायचे नाही; ज्याचे होते त्यालाही ते चालवता येत नव्हते. तुम्ही फक्त आत येऊन बसा. भिंतीला छतापर्यंत बुटांचे डबे, मध्ये लाल गादीचे लांब बाकडे, कोपऱ्यात आरसा आणि गल्ल्यामागे दुकानदार. सगळे काही आहे, गिऱ्हाईक तेवढे नाही.

दुकानदार सकाळी डब्यांवरची धूळ झटकत असे. ती झटकून झाली, की दिवसभराचे काम संपे. सुट्टीच्या दिवशी त्याची नऊ वर्षांची मुलगी दुकानात येऊन बसे. कोणता जोड कोणत्या ओळीत आहे, हे तिला पाठ होते. हा एक गुण सोडला, तर दुकानात फारसे काही खपण्यासारखे नव्हते, आणि हा विकायचा नव्हता.

डावीकडे घड्याळवाले काका, उजवीकडे चष्मेवाल्या काकू, समोर छत्रीवाले आजोबा. चौघांचीही दुकाने रिकामी, त्यामुळे चौघांत फार एकोपा होता. धंदा चालला असता, तर कोणी कोणाचे तोंड पाहिले नसते.

चारही जागा एकाच मालकीणबाईंच्या होत्या. त्यांना यांपैकी कोणी कधी पाहिले नव्हते. भाडे त्यांचा कारकून येऊन नेत असे. चौघांनी मिळून बाईंना अर्ज केला, ‘रस्त्यावर गिऱ्हाईक फिरकत नाही. भाडे निम्मे करावे, नाहीतर वर्षअखेरीस दुकाने बंद करावी लागतील.’ कारकुनाने निरोप आणला, की बाई स्वतः येऊन खात्री करतील, कधी ते कळवणार नाहीत. चौघेही खूश झाले. रिकामे दुकान दाखवायला तयारी कसली करायची? मग दोन महिने गेले, बाई आल्या नाहीत, आणि एकदा अर्ज केला की काम झाले, या मोठ्या माणसांच्या समजुतीप्रमाणे सगळे तो अर्ज विसरून गेले.

अशा वेळी मुलीचा मामा आला. मामाने स्वतःचे तीन धंदे बुडवले होते, त्यामुळे सल्ला द्यायला तो अगदी मोकळा होता.

“दाजी, माणूस कुठे जातो? जिथं माणसं असतात तिथं! रिकाम्या दुकानात शिरायला लोकांना अवघडतं. तुम्ही गर्दी दाखवा.”

“अरे, गर्दी आणू कुठून?”

“चार दुकानदार आहात ना? आळीपाळीनं एकमेकांचे गिऱ्हाईक व्हा!”

मामाने भाचीच्या रंगीत पेन्सिली घेऊन वेळापत्रक आखले. अकरा ते बारा सगळ्यांनी बुटांच्या दुकानात, बारा ते एक चष्म्यांच्या, मग घड्याळे, मग छत्र्या.

“मामा,” मुलीने विचारले, “सगळे आमच्याकडे आले, तर त्यांच्या दुकानात कोण?”

“मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलू नये,” मामा म्हणाला. प्रश्न चांगला असला की मोठी माणसे असेच म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून गर्दी सुरू झाली. चष्मेवाल्या काकूंनी पहिल्याच तासात तेवीस डबे खाली काढायला लावले. “हा टाचेला लागतो. तो रंग भडक आहे. वरचा दाखवा बघू.”

शिडीवरून दुकानदार कळवळला. “काकू, अहो, तुम्ही खोटं गिऱ्हाईक आहात ना?”

“म्हणून काय कसलाही बूट घालू?”

तिसऱ्या दिवशी एक माणूस बंद पडलेले घड्याळ हातात घेऊन आत डोकावला. “शेजारचे घड्याळवाले कुठे दिसले का हो? दुकान उघडं आहे, आत चिटपाखरू नाही.”

घड्याळवाले काका समोरच बाकड्यावर होते. एक पाय बुटात, एक हवेत. पण काहीही झाले तरी सोंग मोडायचे नाही, असा मामाचा नियम होता. काका कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “मला काय विचारता? मी गिऱ्हाईक आहे!”

माणूस निघून गेला. काका हळूच बूट काढत म्हणाले, “चार महिन्यांनी एक आला होता हो.”

“पण वठवलंत मात्र छान,” मामा म्हणाला.

गर्दीचा परिणाम मात्र झाला. आजवर लोक दुकानाकडे न बघता पुढे जात. आता ते थांबत, आत बघत, “फार गर्दी आहे, नंतर येऊ” म्हणत आणि पुढे जात.

मामा डगमगला नाही. गर्दी कमी पडते आहे, असा त्याने निष्कर्ष काढला. शनिवारी त्याने काकूंचे तीन भाचे आणि छत्रीवाल्या आजोबांचे फिरायला जाणारे पाच मित्रही बोलावले. मुलीला त्या दिवशी शाळा नव्हती. ती कोपऱ्यात डबे लावत होती.

साडेअकराला एक पांढऱ्या केसांच्या बाई किंचित लंगडत आत आल्या.

“खरं गिऱ्हाईक!” मामा कुजबुजला. सगळ्यांच्या अंगात एकदम संचारले.

“गेल्या वर्षी नेलेला जोड अजून नवाच्या नवा आहे!” आजोबा ओरडले.

“मला दोन द्या!” एक भाचा म्हणाला.

“रांगेत या हो!” काकू त्याच्यावर खेकसल्या.

या धांदलीत त्या बाईंना बसायलाही जागा उरली नाही; बाकडे खोट्या गिऱ्हाइकांनी भरले होते.

“जरा थांबावं लागेल, बाई,” दुकानदार घाम पुसत म्हणाला. “शनिवारी फार घाई असते. शनिवारीच कशाला, रोजच!”

“रोज?”

“अहो, जेवायला फुरसत मिळत नाही!”

“असं?” बाईंनी पिशवीतून एक कागद काढला. “मग या अर्जात तर लिहिलंय, गिऱ्हाईक फिरकत नाही. खाली चार सह्या आहेत. मला वाटतं, भाडं वाढवायलाच हवं.”

घड्याळवाले काका चाचरत म्हणाले, “मी तर गिऱ्हाईक आहे.”

“बाई, ही गर्दी खरी नाही,” दुकानदाराने हात जोडले.

“खरी नाही म्हणजे? ही माणसं कागदाची आहेत?”

“नाही, शेजारी आहेत.”

“शेजारी रोज बूट घेतात?”

“घेत नाहीत हो. नुसते घालून बघतात. वेळापत्रक आहे आमचं.”

“दोन महिन्यांपूर्वी खोटं बोललात, की आत्ता बोलताय, ते मला कसं कळावं?” बाई वळल्या. “तू सांग गं. दुकानात अशी गर्दी असते?”

मुलीने बाबांकडे पाहिले. बाबा छताकडे बघत होते. मग ती स्टुलावर चढली आणि वर्गात मॉनिटर बोलतो तशा आवाजात म्हणाली, “ज्यांना खरंच बूट हवेत त्यांनी थांबा. बाकीच्यांनी आपापल्या दुकानात जा.”

मिनिटभरात दुकान रिकामे झाले. मामा तेवढा उरला, कारण त्याला जायला दुकान नव्हते.

“मामा, तुला बूट हवेत?”

मामाही गेला.

आता बाकड्यापाशी फक्त मालकीणबाई उभ्या होत्या. त्यांच्या सँडलच्या पट्ट्याने टाच सोलवटली होती. “आजी, बसा. पाय द्या,” मुलगी म्हणाली. तिने दोन्ही पाय मोजले, तिसऱ्या ओळीतून एक जोड काढला आणि डाव्या बुटात मऊ पातळ तळवा घातला. बाई आरशापर्यंत गेल्या आणि परत आल्या. लंगडत नव्हत्या.

“अगदी पायासाठीच शिवल्यासारखा गं!” असे म्हणत त्यांनी फोन काढला, डबा फिरवला आणि त्यावरच्या नंबराचा फोटो घेतला.

“फोटो कशाला, आजी?”

“घरून मागवीन. फोनवर स्वस्त पडतो. हल्ली सगळे तसंच करतात.”

दुकानदाराला हे नवीन नव्हते. मुलगी मात्र गुडघ्यावर बसली, तिने बाईंच्या पायांतले बूट अलगद सोडवले, डब्यात ठेवले आणि झाकण लावले.

“मग आजी, दुकानाचं भाडंपण फोनकडूनच घ्या,” ती म्हणाली.

“अगं ए!” बाबा ओरडले.

बाईंनी सोलवटलेली टाच पाहिली. सँडल पाहिली. रिकाम्या दुकानावरून नजर फिरवली. त्या चार जागा घ्यायला दुसरे कोणी रांगेत उभे नव्हते, हे त्यांनाही ठाऊक असावे. त्यांनी सँडलमध्ये पाय घालून पाहिला आणि लगेच बाहेर काढला.

“बरं बाई, इथूनच घेते. ऊठ, बिल कर.”

मुलगी उठली खरी, पण गल्ल्याकडे गेली नाही. डबा पोटाशी धरून ती बाकड्यावर बसली, शेजारची लाल गादी हाताने झटकली आणि म्हणाली, “बसा ना, आजी. आधी भाड्याचं बोलू.”