पिठाच्या डब्याचं उत्खनन

श्रुतिका परबच्या मते उत्खननाला तीन गोष्टी लागतात: टूथब्रश, धीर आणि श्रुतिका परब. पहिल्या दोन नाहूरच्या त्या शाळेत कुणाकडेही मिळाल्या असत्या.

मागच्या वर्षीपर्यंत ही मुलगी हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणायची तेव्हा बाईंना वाटायचं, पंखा कुरकुरतोय. मग सोसायटीच्या गणपतीत निवेदन करणाऱ्या ताईला ऐन वेळी ताप भरला, कुणीतरी श्रुतिकाला स्टेजवर ढकललं, आणि ती जी बोलत सुटली ती अजून थांबलेली नाही. हल्ली घरी जेवतानासुद्धा ती ‘आता आपण वळू या भेंडीच्या भाजीकडे’ असं सांगून मगच भेंडीकडे वळायची.

त्यामुळे इतिहासाच्या शर्मिष्ठा मॅडमनी वर्गात उत्खनन करायचं ठरवलं तेव्हा श्रुतिकाला वाटलं, हे सगळं आपल्यासाठीच चाललंय. नववी ‘ब’ने घरून मोडक्यातोडक्या वस्तू आणून रेतीत पुरायच्या, आणि नववी ‘अ’ने त्या उकरून, वापरणारी माणसं कशी असतील ते पालकांसमोर सांगायचं. जो सगळ्यात छान सांगेल तो आंतरशालेय प्रदर्शनात शाळेतर्फे बोलणार. हॉलमध्ये टेबलं उलटी मांडून त्यात लांब उडीच्या खड्ड्यातली रेती भरली, आणि खेळाच्या सरांनी आठवडाभर मुलांना जागच्या जागीच उड्या मारायला लावल्या.

प्रदर्शनाला जायचं तर आडवा येणार होता फक्त सर्वेश. सर्वेश बोलायचा कमी, पण उत्खननाचा नकाशा असा काढायचा की मॅडम तो छातीशी धरायच्या. त्या दिवशी त्याच्याकडे मोबाईलच्या कॅमेऱ्याचं काम होतं. तो वस्तूवर कॅमेरा धरणार, आणि ती भिंतीवरच्या स्मार्ट बोर्डवर म्हशीएवढी मोठी दिसणार.

पालक जमले. पहिल्या रांगेत श्रुतिकाची आई नंदा बसली होती. तिच्या शेजारी त्यांच्याच बिल्डिंगमधल्या श्वेता तावडे, म्हणजे ‘ब’ वर्गातल्या जान्हवीची आई. आणि मागच्या रांगेत श्रुतिकाची माणिकआत्या, ‘आमचा चेडू’, म्हणजे आमची पोर, बोलणार म्हणून खास मालाडहून आलेली, पिशवीत चकल्या घेऊन.

सुरुवात झकास झाली. अर्धा कंगवा निघाला. या लोकांना डोक्याच्या एकाच बाजूला केस असावेत, असं श्रुतिकाने ठणकावून सांगितलं. मग चार्जरची वायर निघाली, वेटोळं घातलेली. ही नागपूजा, ती म्हणाली. सर्वेश फिस्सकन हसला आणि मॅडमनी हातातल्या कागदावर काहीतरी खोडलं. आता काहीतरी मोठं सापडायला हवं होतं, नाहीतर प्रदर्शनाला सर्वेश आणि त्याचा नकाशा जाणार होते.

तेवढ्यात टूथब्रशला कडक काहीतरी लागलं.

निघाला तो स्टीलचा मोठा डबा. पिठाचा असतो तसला, एका बाजूला पोचा, झाकण गायब. आणि अंगावर बारीक ठिपक्याठिपक्यांची अक्षरं! भांड्यांच्या दुकानात आहेराच्या भांड्यावर मशीनने कर्रर्र करत नाव घालून देतात, तशी. शिलालेखच म्हणायचा हा. श्रुतिका एकेक अक्षर घासत गेली, बोर्डवर ते उमटत गेलं आणि अख्खा हॉल बाराखडीच्या वर्गासारखा एका सुरात वाचत गेला: तावडे कुटुंबाच्या वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट, सौ. नंदा मधुकर परब.

आपल्याच आईचं नाव वाचून श्रुतिका थबकली. आईने हळूच मान वळवून श्वेताकाकूंकडे पाहिलं. आपण हौसेने दिलेला डबा यांनी रेतीत पुरायला पाठवला? श्वेताकाकू पुटपुटल्या की झाकण हरवलं होतं, आणि जान्हवी हातात येईल ते घेऊन जाते. मागे भिंतीला टेकून उभी असलेली जान्हवी एकदम छताचा अभ्यास करू लागली.

पण मॅडमचे डोळे चमकले होते. लेख म्हणजे काळ कळतो, माणसं कळतात, असं त्या सांगत होत्या. श्रुतिकाला पुन्हा चेव आला. तिने डबा उलटा केला. बुडाला कंपनीचा मोठा चौकोनी स्टिकर होता, आणि स्टिकरच्या कडेखालून डोकावत होते आणखी ठिपके.

तिने सहज आईकडे पाहिलं. आईचा चेहरा रव्यासारखा पांढरा पडला होता. मांडीवर ठेवलेला तिचा हात नको-नको करत होता, इतका बारीक की फक्त पोटच्या पोरीलाच कळावा.

श्रुतिकाला कळलं. निदान एवढं कळलं की त्या स्टिकरखाली आई आहे. एकीकडे प्रदर्शन, दुसरीकडे आई. तिने घसा खाकरला आणि सांगितलं की खरे पुरातत्त्वज्ञ सगळं कधीच उकरत नाहीत. पुढच्या पिढ्यांसाठी थोडी जागा तशीच राखून ठेवतात. तर हा स्टिकर आपण पुढच्या पिढ्यांसाठी ठेवू या.

एवढं बोलली आणि प्रदर्शनावर पाणी सोडून डबा खाली ठेवायला वाकली.

“मेल्यो पिढ्यो कित्याक व्हयत?” पिढ्या हव्यात कशाला, असं मालवणीत विचारत मागच्या रांगेतून माणिकआत्या उठली. तिला आता भलतीच मजा येत होती. “माका बघूचा आसा. काढ गो तो कागद.”

कुणी काही म्हणायच्या आत आत्या पुढे आली, आणि ज्या नखाने तिने आयुष्यभर फणसाच्या आठळ्या सोलल्या त्याच नखाने तिने स्टिकर टर्रकन ओढला. हॉलने आज्ञाधारकपणे वाचलं: चि. मधुकर व चि. सौ. कां. नंदा यांस विवाहानिमित्त सप्रेम भेट, सौ. माणिक श्यामकांत राणे.



आत्या हळूहळू वळली. “नंदा,” ती म्हणाली, “गेल्या दिवाळीत फोनवर तू काय सांगितलंस गो माका? ‘वन्सं, तुमच्याच डब्यातलं पीठ मळतेय’?”

नंदाने जमिनीकडे पाहिलं. जमीन दुभंगायला तयार नव्हती, खाली शिशुवर्ग होता. आत्या सगळ्या हॉलला सांगू लागली की हा डबा पसंत करायला ती अख्खं लालबाग पालथं घालून आली होती, पायाला फोड आले होते, आणि त्याचं हे असं झालं. श्वेताकाकूही आता नंदाकडे निराळ्याच नजरेने पाहत होत्या, कारण त्यांच्या वास्तुशांतीला मिळालेला डबा आधीच लग्न लागून आला होता.

आईच्या डोळ्यांत पाणी तरारलेलं श्रुतिकाने पाहिलं. तिचा हात मात्र सवयीने बूड घासत राहिला. घासता घासता तिला जाणवलं, या अक्षरांखालचं स्टील जरा खरबरीत आहे. कुणीतरी ते मुद्दाम घासून काढल्यासारखं.

“सर्वेश,” ती कुजबुजली, “टॉर्च. समोरून नको रे, आडवा धर.”

सर्वेशने मोबाईलचा उजेड बुडाला चाटून जाईल असा धरला. आत्याच्या नावाखालून आणखी एक ओळ भुतासारखी वर आली. श्रुतिकाचा आवाज परत आला, तो थेट गणपतीच्या स्टेजवरचा! थरांमध्ये वरचा तो नवा आणि खालचा तो जुना, हे मॅडमनी शिकवलेलं तिने सगळ्यांना पुन्हा एकदा समजावलं आणि बोर्डकडे बोट केलं. हॉल वाचू लागला:

महिला मंडळ, हळदीकुंकू समारंभ. संगीत खुर्ची, तृतीय क्रमांक, सौ. माणिक राणे.

आधी श्वेताकाकू हसल्या. मग नंदा पदर तोंडावर धरून हसायला लागली. आत्या पिशवी सावरत म्हणाली की लालबागला ती गेली होतीच, दुसऱ्या कामाला. आणि पिशवी उघडून तिने पहिली चकली नंदाच्या हातात ठेवली.

शर्मिष्ठा मॅडमना तर रडूच यायचं बाकी होतं. एकाच वस्तूवर तीन थर, आणि तिन्ही थरांतली माणसं हयात! त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, प्रदर्शनात श्रुतिका बोलेल. सर्वेशनेसुद्धा टाळ्या वाजवल्या. मग मॅडमना आणखी एक कल्पना सुचली: डब्याच्या तिघी मालकिणींनाही सोबत नेलं तर किती जिवंत वाटेल.

श्रुतिकाने भाषण पाठ केलं. कुठे थांबायचं, कुठे भुवई उचलायची, सगळं आरशासमोर ठरवलं.

प्रदर्शनात त्यांच्या टेबलापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. आत्या रेशमी साडी नेसून सांगत होती की तो तिसरा क्रमांक अन्यायाचा होता, कारण गाणं थांबवणारा पहिल्या आलेल्या बाईचा सख्खा दीर होता. नंदा बायकांना स्टिकर कोणत्या गोंदाने चिकटवला ते समजावत होती. श्वेताकाकू हरवलेल्या झाकणाचं वर्णन करत होत्या, कुणी पाहिलं असेल तर. श्रुतिका दर वेळी श्वास घ्यायची, तोंड उघडायची आणि मिटायची.

शेवटी परीक्षक आले, मन लावून सगळं ऐकलं, तिघींशी हात जोडून बोलले आणि निघता निघता त्यांची नजर श्रुतिकाकडे गेली. ही मुलगी कोण, त्यांनी विचारलं.

श्रुतिकाने भुवई उचलली.

“ता आमचा चेडू,” आत्या म्हणाली. “डबो धरूक इलाहा.”