मिरचीची आवक

चारशे नव्वद वर्षं उशिरा का होईना, मिरची घेऊन निघालेलं पोर्तुगीज गलबत मंगळवारी सकाळी साडेनऊला खारेबांध बंदराच्या धक्क्याला लागलं. बंदरावरचे लिपिक विश्राम पेडणेकर यांनी फॉर्म काढला आणि ‘विलंबाचे कारण’ या रकान्यात कप्तानांनी सांगितलं तसं लिहिलं : वारा पडला.

वाटेत भरपूर वेळ मिळाल्याने कप्तान दुआर्ते यांना मराठी चांगली येत होती. त्यांनी पोती उघडून दाखवली. मिरची, बटाटे, शेंगदाणे, काजू, साबुदाण्याचा कंद. शिवाय तीन खलाशांना फिरंगरोग हा गुप्तरोग.

“हे सगळं आहे आमच्याकडे,” पेडणेकर म्हणाले.

“रोगसुद्धा?”

“तो तर तुमच्याही आधी पोचला. आता इंजेक्शन मिळतं. आरोग्य केंद्र एकपर्यंत उघडं असतं.”

कप्तानांचा चेहरा उतरला. “या पोत्यांपायी माझी अकरा माणसं समुद्रात गेली. आमच्याआधी आणलं कुणी?”

पेडणेकरांनी आवक रजिस्टरं पहिल्या पानापासून तपासली. मिरचीची किंवा बाकी मालाची नोंद कुठेच नव्हती. त्यांनी जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला.

“नोंद नाही म्हणजे आवक नाही,” साहेब म्हणाले. “मग तालुक्यात लोक खातात ती मिरची आली कुठून? प्रकरण निकाली निघेपर्यंत त्या पोत्यांतल्या सगळ्या जिनसा तालुक्यात बंद ठेवा.”

बंद ठेवलं. बुधवारी रुक्मा केळुसकरबाईंनी आपल्या खानावळीत माशांची आमटी मिरी घालून केली. गिऱ्हाइकांनी ती मान खाली घालून खाल्ली. गुरुवारी एकादशी होती. साबुदाणा नाही, बटाटा नाही, दाण्याचं कूट नाही. तालुक्यातल्या अडीच हजार बायकांना उपवासाच्या दिवशी चक्क उपाशी राहावं लागलं. संध्याकाळी त्या सगळ्या बंदर कार्यालयासमोर येऊन बसल्या.

शुक्रवारी पेडणेकर कप्तानांना घेऊन केळुसकरबाईंच्या खानावळीत गेले. फॉर्म सोबत होता.

“एकच मार्ग आहे,” ते म्हणाले. “तुम्ही वेळेवर आलात, अशी नोंद करायची. जुनी तारीख घालायची.”

“मग मिरची आम्ही आणली असं होईल?”

“होईल. अकरा जणांची नावंही लिहीन.”

“आणि आम्ही?”

पेडणेकरांनी चष्मा पुसला. “तुम्ही तेव्हाच येऊन गेलात, असं होईल. आता इथे असणार नाही.”

कप्तानांनी दारातून गलबताकडे पाहिलं. “लोक मिरची खातात कशी, ते तरी बघू दे,” ते म्हणाले. “आम्ही कुणी चाखून पाहिली नाही. तो व्यापाराचा माल होता.”

सही होईपर्यंत मिरचीला बंदी, आणि सही झाली की कप्तान नाहीत. बावीस वर्षांच्या नोकरीत पेडणेकरांनी साधा रकाना कधी कोरा सोडला नव्हता. ते उठले आणि आतल्या दारापाशी गेले.

“रुक्माबाई, मिरची घालून आमटी करा.”

“साहेबांनू, बंदी आसा ना?”

“आहे. करा.”

आमटीभात आला. पहिल्या घासाला कप्तानांना ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. पेडणेकर तांब्या घेऊन धावले.

“नको,” कप्तान म्हणाले. त्यांनी बोट घालून वाटी पुसून खाल्ली. “हे... हे आम्ही आणलं?”

“तुम्हीच.”

“बाई, अजून थोडा भात,” कप्तानांनी सांगितलं, फॉर्म पुढे ओढला आणि पेडणेकरांनी घातलेल्या जुन्या तारखेखाली सही केली.

केळुसकरबाई परात घेऊन बाहेर आल्या, तेव्हा बाक रिकामा होता आणि धक्काही मोकळा होता. कागदावरची शाई मात्र तपकिरी पडली होती.

“भात कुणाक वाढू?” त्यांनी विचारलं.

पेडणेकरांनी फॉर्मची घडी करून खिशात ठेवली आणि ते बाकावर बसले.

“मला वाढा,” ते म्हणाले. “आमटीसुद्धा.”