वसंतकाकांची सुई

वसंतकाका पिकअप चालवताना रस्त्याकडे कमी आणि सुईकडे जास्त बघतात. सुई म्हणजे ऑइल प्रेशरच्या मीटरची. गाडीला मुळात नुसता लाल दिवा होता. "दिवा लागेपर्यंत इंजिन गेलेलं असतं," म्हणून काकांनी हे मीटर वेगळं बसवून घेतलं.

इकडे हिंदी मुलखात, दतिया गेटपाशी आमच्या शेजारीच त्यांचं टेंट हाऊस आहे, म्हणजे मांडव-खुर्च्या भाड्याने देण्याचं दुकान. लग्नसराईत गाडी खुर्च्यांनी भरायची, सुरू करायची आणि काका आत नुसते बसून राहायचे. लग्नघरातून फोनवर फोन. काका शांतपणे सांगत, "भैया, तेल अभी ठंडा है. सुई ऊपर है, नीचे आने दो." तावातावाने आलेल्या एका वधूपित्याला तर त्यांनी शेजारी बसवून सुई उतरताना दाखवली.

मलाही शिकवलंच. इंजिन थंड असलं की तेल घट्ट, म्हणून प्रेशर जास्त. तापलं की तेल पातळ, प्रेशर उतरतं. गाडी उभी असताना सुई खाली येणारच. एक्सिलरेटर दाबला की वर चढली पाहिजे. "चढली तर तब्येत नॉर्मल. नाही चढली तर तिथेच इंजिन बंद, मग कुणाचं लग्न का असेना." या बाबतीत त्यांना थट्टा खपत नाही. गॅरेजमधला एक मिस्त्री सुई बघून "चलता है" म्हणाला, तर काकांनी त्याच्याकडे जाणंच सोडलं.

गेल्या हिवाळ्यात मला शाळेच्या कामाने समथरला जायचं होतं. काका तिकडेच खुर्च्या पोचवायला निघाले होते, म्हणून त्यांच्याबरोबर गेले. दोघांची कामं आटोपल्यावर त्यांनी गाडी एका गल्लीत घातली, एका दारापुढे थांबवली आणि बॉनेट उघडलं.

"प्रेशर पडलंय. थंड होऊ दे जरा."

मी सुई पाहिली होती. वाटेत छान चढत होती, आणि थांबल्यावर उतरायला हवी तेवढीच उतरली होती.

दारात एक वृद्ध बाई आल्या. काकांच्या सासूबाई. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. माई इथे एकट्याच राहतात.

"परत बिघडली का गाडी, वसंतराव?"

"हो ना माई. तासभर तरी जाईल."

"मग जेवूनच निघा. आमटीला फोडणी घालते."

माई स्वयंपाकघरातून बोलत होत्या. शेजारणीची म्हैस, स्वतःचा गुडघा, यंदाचा मटार. काका ओसरीवर त्यांच्याकडे पाठ करून, डोळे मिटून बसले होते. माई थांबल्या की म्हणत, "मग पुढे?"

परतताना मी म्हटलं, "काका, सुई तर ठीक होती."

त्यांनी सुईवरून नजर काढून रस्त्याकडे पाहिलं.

"ही गेली तेव्हा माई म्हणाल्या, मुलगीच राहिली नाही, आता कशाला हेलपाटे घालता. नुसतं भेटायला गेलो की संकोचतात. जावयाला त्रास नको म्हणतात."

"म्हणून त्यांच्यासाठी तुम्ही—"

"त्यांच्यासाठी कसलं," काका म्हणाले. "आवाज अगदी हिचा आहे, बेटा. डोळे मिटले की घरीच बसल्यासारखं वाटतं."