माझी कडी आणि आतले सासरे

विमान पंखांमुळे उडतं असं लोकांना वाटतं. वाटू दे. पण अख्ख्या प्रवासात माणूस पंखाला एकदाही हात लावत नाही, संडासाच्या दाराला मात्र दोनदा तरी लावतोच. आमच्या कारखान्याच्या नव्या विमानातलं ते दार मी केलंय. दोन वर्षं खपलो. त्यातल्या कडीवर तर माझा फार जीव. यंत्राला लावून चाळीस हजार वेळा उघडझाप केली, एकदाही अडली नाही.

हे सगळं मी सासऱ्यांना वेळोवेळी सांगितलं होतं. सासऱ्यांनी जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केली. बोलणं मोजकं. मी तासभर बोललो की ते शेवटी "बरं" म्हणतात. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण आमची गाडी त्या "बरं"च्या पुढे काही गेली नव्हती. त्यामुळे घरच्यांना विमान दाखवायचा दिवस ठरला, तेव्हा मी बायकोला म्हटलं, "बाबांना आणायचंच. जावई काय चीज आहे ते एकदा डोळ्यांनी बघू देत."

"त्यांच्या छातीचं ऑपरेशन होऊन आठच महिने झालेत," ती म्हणाली. "चीज जरा बेतानं दाखव."

विमान शेडमध्ये उभं होतं. सोमवारी त्याचं पहिलं उड्डाण. बायको पुढच्या खुर्च्यांमध्ये ओळखीच्यांशी बोलत थांबली आणि मी सासऱ्यांना थेट मागे, माझ्या दाराशी नेलं. त्यांनी कडी बोटानं सरकवून पाहिली, कान लावून ऐकली.

"आतून बघतो," म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी कडी लावून घेतली.

मला असा चेव आला म्हणता! शेजारून सात-आठ पाहुणे चालले होते, त्यांना मी दारासमोर गोळा केलं आणि कडीचा इतिहास सांगायला सुरुवात केली. दहा मिनिटांनी म्हटलं, "आणि आता बघा, किती अलगद उघडते. बाबा, उघडा."

काहीच झालं नाही.

"बाबा?"

"उघडत नाही," आतून शांत आवाज आला.

"डावीकडे सरकवा."

"डावीकडेच सरकवतोय."

मी पाहुण्यांकडे बघून हसलो. अशा वेळेसाठी बाहेरून कडी काढायची सोय असते, तीही मीच केलेली. लाल पट्टीखालचं झाकण उचललं आणि आतली पिन ढकलली. पिन हलेना. घराच्या किल्लीनं ढकलली. किल्ली वाकली.

एका पाहुण्यानं जाऊन शेडमधल्या फिटरमामांना आणलं. मामा आणि त्यांचा जोडीदार अवजारांची पेटी घेऊन आले, वाकून बघत राहिले. "कडी जाम दाबली गेलीय," मामा म्हणाले. "कशानं, ते काय कळत नाही." त्यांनी हातोडीनं हलकेच ठोकलं. कडी आणखीच घट्ट झाली.

मग साहेब आले. साहेबांच्या मागे सुरक्षा अधिकारी आले. त्यांच्या मागे एक बाई आल्या, ही लाइन कशाची म्हणून त्यांनी विचारलं, आणि नीट ऐकून घेऊन त्याही लाइनीत उभ्या राहिल्या.

"जावईबापू," आतून आवाज आला, "एक सांगू का?"

"बाबा, तुम्ही अजिबात घाबरू नका," मी ओरडलो. खरं तर त्या सगळ्या गर्दीत न घाबरलेले तेवढे एकटेच होते.

एवढ्यात बायको गर्दीतून वाट काढत पोचली. तिच्या हातात औषधाची डबी होती. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"बाबा, छातीत दुखतंय का?"

"नाही गं."

"श्वास नीट येतोय?"

"येतोय. जावईबापूंना जरा ऐकायला सांग."

पण ऐकतो कोण? सुरक्षा अधिकाऱ्यांनी बोलावलेले अग्निशामक दलाचे चौघे कुऱ्हाड घेऊन हजर झाले होते. साहेबांचा चेहरा उतरला. "दार फोडलं तर सोमवारचं उड्डाण गेलं," ते मला म्हणाले. "तुझं काय मत?"

दोन वर्षं मी त्या दाराला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. पण बायकोनं डबीतून गोळी काढून हातात धरली होती.

"फोडा," मी म्हटलं. "दार मी पुन्हा करीन."

"फोडू नका!"

सासऱ्यांचा एवढा मोठा आवाज मी नऊ वर्षांत ऐकला नव्हता.

"आधी सगळ्यांना लांब पाठवा," ते आतून म्हणाले. "मघाशी तुम्ही एकटे होतात तेव्हा कडी लोण्यासारखी सरकत होती. माणसं वाढतायत तशी ती आवळतेय. खाली बारीक करकर ऐकू येते मला. मशिनच्या टेबलावर कुणी रेलून बसलं की सुई अडकते, तसलाच प्रकार आहे हा."

मी माणसं मोजली. मला सोडून अठरा. दारासमोर फार तर दोघं ताटकळत उभे राहतील, असं मी गणितात धरलं होतं. आमच्या वजनानं दारासमोरची जमीन वाकली होती आणि तिच्याबरोबर चौकट केसभर खाली दबून कडीवर बसली होती. म्हणजे सासऱ्यांना सोडवायला जो जो येत होता, तो तो त्यांना आणखी पक्कं कोंडत होता. आणि त्यातले पहिले आठ तर मीच आवतण देऊन जमवले होते.

सगळ्यांना मागे हटवलं. शेवटी मीही बारा रांगा पुढे जाऊन उभा राहिलो. खट्ट झालं. सासरे बाहेर आले, कोट झटकला आणि फिटरमामांना नमस्कार केला. बायकोनं त्यांना आधी घट्ट धरलं आणि मग गोळी दिली. उड्डाण सोमवारऐवजी गुरुवारी झालं.

घरी जाताना मी गाडी चालवत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मागच्या सीटवरून सासरे म्हणाले, "जावईबापू, कडी फार सुंदर केलीत. तासभर आत बसून बघत होतो. असं काम मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही."

मी काही बोलणार, तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "तिचा काही दोष नाही. पण ती चौकट ज्यानं केली ना, तो माणूस जरा धांदरट दिसतो. त्याला एकदा समोर बसवून समजावून सांगा."

बायकोनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. चौकटीच्या ड्रॉइंगवर सही कुणाची आहे, हे तिला पक्कं माहीत होतं.

"सांगतो त्याला," मी म्हटलं.