बारा वर्षांचा खाडा

अमरावतीहून चांदूर बाजारला निघालेल्या पौर्णिमाताई एसटीत सगळा वेळ एकच उत्तर घोकत होत्या. कारण ऑफिसच्या नोकरीच्या मुलाखतीत प्रश्नही एकच येणार होता: मधली बारा वर्षं काय केलं? मुलं, सासूबाईंचं आजारपण, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? ही नोकरी हुकली तर पुन्हा अर्ज करायचं धाडस आपल्याला होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

संत्र्यांच्या गोदामात त्या तासभर आधीच पोचल्या. सावली होती ती फक्त शेडमध्ये, फळं निवडणाऱ्या बायांजवळ. पौर्णिमाताईंचं माहेर बागायतदारांचं. ढिगापाशी रिकाम्या हातानं बसायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. बसल्याबरोबर हात चालू लागले, मोठं फळ इकडे, लहान तिकडे.

शेजारची चतुराबाई खूश झाली. "ताई, माह्या जागेवर बसा जरासक. मी हापिसातून पानी पिऊन येतो."

ऑफिसात मालकांचा मुलगा शिवम बसला होता. कारभार हाती घेऊन त्याला महिना झाला होता, पण शेडमध्ये त्यानं अजून पाऊल टाकलं नव्हतं. समोरच्या अर्जावरून नजर न काढताच तो म्हणाला, "या, बसा मॅडम. मधली बारा वर्षं काय करून राहिल्या होत्या?"

पाण्याचा ग्लास भरून घेत असलेली चतुराबाई त्याच्याकडे वळली.

"इथंच तं होती, भाऊ! तुमच्याच ढिगापाशी!"

शिवमनं मान वर केली आणि तो ओशाळला. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "मग काल किती पेट्या गेल्या?"

चतुराबाईनं पेट्या सांगितल्या. कोणत्या गाडीत किती, कोणाच्या बागेतल्या फळाला डाग, कोणती बाई कधीपासून आली नाही, सगळं घडाघडा. शिवम थक्क होऊन कॉम्प्युटरमध्ये पडताळत होता. कॉम्प्युटरला त्यातलं निम्मंही माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर तिथं कोणीही तोंडात बोट घातलं असतं.

"मावशी, ऑफिसची जागा तुमचीच," तो म्हणाला.

तेवढ्यात मुकादम पंजाबराव पौर्णिमाताईंना घेऊन आत घुसला. "शिवमभाऊ, या बाईनं निवडलेली फळं मापाच्या मशीनवर टाकून पाह्यली. एकबी इकडचं तिकडं नाही! अशी नजर म्या पाह्यली नाही. यायले ढिगावर ठेवून घ्या!"

"अहो, मी ऑफिसच्या कामासाठी आले!" पौर्णिमाताई रडवेल्या झाल्या.

"ते जागा तं आत्ताच भरली," शिवम खाली मान घालून म्हणाला.

"भरली म्हंजे?" चतुराबाई कडाडली. "मले सही कुठं येते? मी सांगतो, ताई लिहितीन. दोन खुर्च्या टाका!"

दोन खुर्च्या आल्या. पौर्णिमाताई मात्र बसेनात. एवढं घोकलेलं वाया जाणार म्हणून त्यांना चुटपुट लागली होती.

"आणि माझ्या मधल्या बारा वर्षांचं?"

शिवमनं हात जोडले.

"ताई, बारा वर्षांचं आता मी कोणालेच विचारत नाही."